पलीकडे कोण बसते

सोवळं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला येऊ नये. चाळीस वर्षं मी तेच विणत आले. मोहाडीकडच्या आमच्या गावात विणकरांची एक गल्ली आहे. तिथे सून होऊन आले त्या महिन्यापासून माझे पाय मागाच्या खड्ड्यात आहेत. पूजेला, लग्नात, श्राद्धाला जे बदामी रंगाचं कोशाचं लुगडं नेसतात, ज्याला शिवू नका म्हणून घरातल्या बायका पोराबाळांवर ओरडतात, ते आम्ही विणतो.

आता ते होतं कसं, तेही ऐका. जंगलातल्या झाडांवरचे कोसे, म्हणजे रानरेशमाचे कोश, ढिवर लोक उतरवून आणतात. तेच लोक तलावात मासे मारतात, आणि माझ्या सासूच्या काळात कोसे यायचे ते मासळीच्याच टोपलीतून. मग ते उकडायचे. त्या वासानं नव्या सुनेला दोन दिवस जेवण जात नाही. मला तर आठवडाभर गेलं नव्हतं. उकडून झाले की बाई ओसरीवर बसते, लुगडं वर खोचते आणि उघड्या मांडीवर, तळहाताला थुंकी लावून, धागा वळते. झालं तुमचं सोवळं! मला यात कधी काही वावगं वाटलं नाही. मांडी धुतलेली असते आणि हात कामाचा असतो. पण पुढे एक माणूस गादीवर बसून मला सोवळं शिकवायला लागला तेव्हा माझं डोकं सटकलं, ते यामुळे.

मी फटकळ आहे. गल्लीत तशी माझी ख्यातीच आहे. दहावीपर्यंत शाळा झाली म्हणून लिहिताना पुस्तकातल्यासारखं लिहिते, बोलताना आमचंच बोलते. एवढं तोंड असून जिथे बोलायचं तिथे मी काय बोलले, तेच सांगायला बसले आहे.

आमच्या घरापासून तिसरं घर आपाचं. आपा मुसलमान. तिचा बाप विणकर, आजाही विणकर. ती गल्लीची लेक आणि मी गल्लीची सून, म्हणून ती मला वहिनी म्हणायची. त्या नात्यानं ती माझी नणंद. गल्लीचं नातं आमच्याकडे असंच लागायचं. नवऱ्यानं टाकलं तेव्हा ती बापाच्या घरी परत आली आणि मग तिथलीच झाली. मूलबाळ नव्हतं. कोशाचा धागा तिच्याइतका एकसारखा कोणाचाच निघायचा नाही. "अशी मांडी जिल्ह्यात नाही, आपा," असं मी म्हणायचे, आणि ती माझ्या पाठीत धपाटा घालायची.

आमच्या लुगड्याचा काठ करवतीचा. करवतीच्या दातांसारखी नक्षी काठावर चढत जाते. अंग कोशाचं बदामी आणि काठ सुती, लाल नाही तर किरमिजी. धागे वेगळे, रंग वेगळे, म्हणून तो धागा इकडून तिकडे नेणारे धोटेही वेगळे. अंगाचा एक आणि दोन काठांचे दोन, असे तीन धोटे. माणसाला हात दोनच. म्हणून करवत काठाच्या मागावर माणसं दोन लागतात. एक मध्ये बसतं, दुसरं पलीकडे, काठापाशी. अंगाचा धागा काठाच्या धाग्याला दर फेरीला अडकवून परत आणावा लागतो. अडकवला नाही तर अंग आणि काठ यांच्यामध्ये फट राहते, आणि लुगडं नेसताना काठ हातात येतो.

माझे मालक मध्ये बसायचे, मी पलीकडे. ते गेले तेव्हा मागावर अर्धं लुगडं होतं. पंधरा दिवस मी त्या खोलीत गेले नाही. मुलगा लहान होता, त्याला कसंबसं जेवायला घालायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. एक दिवस सकाळी आपा आली. तिनं मला काही विचारलं नाही, सरळ मागाच्या खोलीत गेली आणि तिथून ओरडली, "ऊठ व वहिनी. ताणा ढिला पडून राहिला."

"मले नाही जमत आता, आपा."

"तू मधात बस. पलीकडे मी हावो न."

मी मधल्या जागेवर बसले. मालकांची जागा ती, पाय खाली सोडताना मला हुंदका आला. आपानं काठाचा धोटा उचलला आणि म्हणाली, "बिस्मिल्ला." मी देवीचं नाव घेतलं. पहिला धागा गेला.

तेव्हापासून रोज असंच. ती तिचं म्हणायची आणि मी माझं, मगच माग सुरू. पण रोज रोज, वर्षानुवर्षं दोघी एकाच लाकडाशी बसल्यावर कोणाचं काय ते कुठे राहतं? ती उशिरा आली की मीच तिच्या वाटचं म्हणून टाकायचे. मी चहा उतरवत असले की ती आतून ओरडायची, "जय भवानी म्हणून राहिली व, ये लवकर!" शेवटी शेवटी मी बिस्मिल्ला म्हणायचे आणि ती भवानीचं नाव घ्यायची, आणि दोघींनाही त्याचं काही वाटायचं नाही. कोणी विचारलं असतं तर मीही सांगू शकले नसते की हे कधीपासून.

मग तो बाबा आला.

गावाबाहेर हायवेच्या बाजूला मोठ्ठा मांडव पडला. सात दिवसांचं प्रवचन होतं. गल्लीतल्या सगळ्या बायका निघाल्या, आपाही निघाली. तिला गाण्याचा नाद, आणि बाबाचा गळा गोड होता, हे खोटं कशाला बोलू. पहिले चार दिवस तो आईबापाची सेवा करा, दारू सोडा, सुनेला छळू नका असं बोलला. बायका रडल्या. मीही रडले. बोलता बोलता तो म्हणायचा, "ज्याला पटलं त्यानं दोन्ही हात वर करा," आणि सगळा मांडव हात वर करायचा. रोज दहा-वीस वेळा. हातांना सवय लागून गेली.

पाचव्या दिवशी तो सोवळ्यावर आला. म्हणाला, "तुम्ही देवापुढे जे कापड नेसता, देवीच्या अंगावर जे लुगडं घालता, ते कोणत्या हातानं विणलं, हे कधी विचारलं? जो तुमच्या देवीला मानत नाही त्याचा हात देवीच्या कापडाला लागतो आणि तुम्ही झोपून राहता." मग आवाज चढवून बरंच काही बोलला. ते मी इथे लिहिणार नाही, माझ्या हातानं कशाला पुन्हा पसरवू? आणि शेवटी म्हणाला, "यापुढे विचाराल? पटलं त्यानं दोन्ही हात वर करा."

मी हात वर केले.

आपा माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. माझे हात वर गेले, मग माझं माझ्याकडेच लक्ष गेलं, पण तोवर ते वरच होते. आणि सगळ्यांसमोर एकदम खाली घ्यायचीही मला भीती वाटली. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. आपानं ओढणी नीट केली, इकडे तिकडे बघितलं आणि तिनंही हळूच दोन्ही हात वर केले. हजार बायकांत एकीचेच हात खाली दिसले असते ना.

परत येताना शेताच्या वाटेनं आम्ही दोघीच होतो. तीच आधी बोलली, "माहे तं हात दुखून राहिले व वहिनी, त्या बाबाच्या पायी." आणि हसली. मीही हसले, एकदाची सुटका झाल्यासारखी. पण तेव्हा हसायला नको होतं. तेव्हाच तिचे पाय धरायला पाहिजे होते. ती पुन्हा मांडवात गेली नाही. मी सातव्या दिवशीचा महाप्रसाद खाऊन आले.

बाबा गेला, पण त्याचं मंडळ गावात राहिलं. ओळखीचीच पोरं, कालपर्यंत चौकात बसून मोबाइल पाहणारी. त्यांनी कार्डं छापली. शुद्ध वस्त्र विणकर, वर देवीचं चित्र. ज्या विणकराकडे कार्ड, त्याचाच माल देवळात, त्याचाच माल दुकानात. कार्डावर दोन ओळी होत्या. मागावर कोण बसते, आणि पलीकडे कोण बसते.

आमचा माल घेणारा शेठ कार्ड भरायला स्वतः घरी आला. तो वाईट माणूस नाही. म्हणजे तेव्हा मला तसं वाटायचं.

"काकू, मले काय फरक पडते? पण गिऱ्हाईक विचारून राहिलं."

"मंग सांग न गिऱ्हाइकाले, काकू विणते म्हणून."

"ते लिहिलं. पलीकडे कोण बसते?"

आपा आत धोट्यांसाठी धाग्याच्या कांड्या भरत होती. सगळं ऐकू जात होतं.

मी म्हटलं, "नणंद बसते माही."

"आपलीच न?"

"मंग काय परकी असते का नणंद?"

त्यानं एकदा आतल्या दाराकडे पाहिलं. दहा वर्षांत त्यानं आम्हा दोघींना शंभरदा शेजारी बसलेलं पाहिलं होतं, तिच्या हातचा चहा प्यायला होता. पण त्याला लिहिण्यासारखं उत्तर मिळालं आणि मला काम मिळालं. त्यानं लिहिलं, नणंद. शिक्का मारला. तो गेल्यावर आपा बाहेर आली, कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "खोटं काय हाये याच्यात? हावोच तं मी नणंद." मला किती चतुर वाटलं होतं तेव्हा, काय सांगू. वाटलं, मारली बाजी!

पण दुसऱ्या दिवसापासून ती परसातून यायला लागली. मी सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नाही. पुढचं दार लावून घ्यायला मात्र मीच सुरुवात केली, वारा येतो म्हणून. वारा! चैत्रात दार लावून खोलीत आम्ही दोन बाया घामानं भिजायचो. गल्लीला सगळं कळत होतं. दोन माणसांच्या मागाचा ठोका वेगळा वाजतो, तो विणकरांना ओळखू येत नाही होय? सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मी त्यालाच भलेपणा समजत होते.

दोन-तीन वर्षांनी बाबाला पोलीस घेऊन गेले. त्यानं काय केलं ते पेपरात आलं, टीव्हीवर आलं. बायामाणसांची गोष्ट होती, मी ती सांगत नाही, किळस येते. मला मात्र त्या दिवशी आनंद झाला. लपवू कशाला? मी वाटीभर साखर घेऊन पुढच्या दारानं, गल्लीतून, सगळ्यांच्या देखत आपाकडे गेले. "तोंड गोड कर. सुटलो आपण!"

ती साखर चिमटीत धरून बसली. म्हणाली, "बाबा गेला व. त्यानं सांगतलेलं थोडीच जाते?"

मी तिला म्हटलं, तू नेहमी अशीच रडकी. आणि तडक शेठच्या दुकानात गेले. म्हटलं, आता ते कार्ड फेक चुलीत. शेठनं मान खाली घातली. "बाबाचा फोटो काढला न काकू भिंतीवरून. पण कार्ड तं राहीन. लोकाइले सवय झाली." खरंच, फोटोच्या जागी भिंतीवर चौकोनी पांढरा डाग होता. बाबाचं नाव कोणी काढेना. कोणी काढलं की लोक पान थुंकायला उठायचे. पण मंडळाची पोरं आणखी कडक झाली. ज्याच्यापायी हात वर केले तो असा निघाला, याची लाज त्यांना वाटली असेल, आणि ती लाज कुठे तरी काढायची होती. आपाच्या परसाच्या भिंतीवर कोणीतरी काहीबाही लिहून गेलं. नळावर तिची बादली शेवटी लागायला लागली. मी भांडायचे. मी भांडले की ती मला घरात ओढायची आणि म्हणायची, "तू गप राय. तू भांडली का ते मायावरच येते."

मागच्या वर्षी देवीच्या देवळाचा नवा सभामंडप झाला. मंडळानं ठरवलं, देवीला करवत काठाचं लुगडं घालायचं आणि त्याची सुरुवात देवळातच, सगळ्यांसमोर, खड्डा खणून माग लावून करायची. आता करवत काठ विणणारं गल्लीत उरलंय कोण? मी. बाकीचे कोणी पानठेला टाकला, कोणी सुरतेला गेले. शेठ आला. म्हणाला, हे केलं तर वर्षभराचं काम तुमच्याकडे, नाहीतर मंडळ बाहेरगावचा विणकर आणेल. पलीकडे बसायला त्यांनी गल्लीतलीच एक सून ठरवून टाकली होती. तिला साधं कापड यायचं, करवत येत नव्हता.

मी नाही म्हणून टाकलं. शेठला दारापर्यंत हाकललंच म्हणा ना. आपा आतून आली.

"हो म्हण व वहिनी."

"तुह्याशिवाय?"

"माग बंद पडला तं मी कोठं बसू? घरी मी, देवळात तू. चार दिवसाची गोष्ट हाये. सूत मी वळून देते."

आणि तिनं दिलं. देवीच्या लुगड्याचं सगळं सूत आपानं वळलं, तिच्या ओसरीवर, तिच्या मांडीवर, तिच्या थुंकीनं. मंडळानं पलीकडे कोण बसते ते विचारलं, धागा कोणी काढला ते विचारलंच नाही. त्या पोरांना धागा काढावा लागतो हेच माहीत नव्हतं! आम्ही दोघी हसून हसून आडव्या झालो. ते आमचं शेवटचं हसणं.

त्या दिवशी सकाळी मंडप भरला होता. पुढारी, फुलं, ढोल, सगळं. मागाचा ठोका लोकांना ऐकू यावा म्हणून कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की माइक मागालाच बांधायचा. बांधला. भोंगे गल्लीपर्यंत लावलेले होते. पूजा झाली, मागाला हळदीकुंकू लागलं, नारळ फुटला. सगळे गप्प झाले. मी खड्ड्यात पाय सोडले, धोटा हातात घेतला. पलीकडे ती सून काठाचा धोटा दोन्ही हातांनी धरून बसली होती. मी तिला धीर द्यायला हसले, पायपट्टी दाबली, धोटा टाकला आणि म्हटलं, "बिस्मिल्ला."

सगळ्या गावाला ऐकू गेलं. मला मात्र उशिरा ऐकू आलं, भोंग्यातून.

ढोलवाल्यानं उचललेला हात तसाच राहिला. कोणीतरी खोकलं. पुढच्या रांगेतला मंडळाचा पोरगा उठून उभा राहिला. मला वाटलं, इथेच खड्ड्यात मरावं. तेवढ्यात शेठ हात हलवत पुढे आला, मोठ्यानं हसत, "विठ्ठला! विठ्ठला म्हणाल्या काकू. दात नाही न पुढचा, म्हणून तसं निघते." आणि वाकून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनी सांगत होता, म्हणा, काकू, म्हणा.

मंडळाच्या पोरानं विचारलं, "काय म्हणलं, काकू?"

मागाला बांधलेला माइक माझ्या तोंडासमोरच होता. आयुष्यभर हे तोंड कोणाला भ्यालं नाही. नवऱ्याला भ्यालं नाही, शेठला भ्यालं नाही. मी म्हटलं, "विठ्ठला म्हणलं."

टाळ्या पडल्या. ढोल सुरू झाला.

आपासाठीच तसं बोलले, असं मी स्वतःला सांगते. खरं सांगायचं तर त्या क्षणी आपा माझ्या डोक्यातही नव्हती. मला फक्त त्या खड्ड्यातून जिवंत बाहेर यायचं होतं.

मी घरी पोचायच्या आधी मुलाचा फोन आला. तो जवाहरनगरला क्वार्टरमध्ये राहतो, कारखान्यात आहे. त्याच्या मोबाइलवर व्हिडिओ पोचला होता. "आई, काय बोलून बसली तू?" मी म्हटलं, विठ्ठला. तो म्हणाला, "आई, मी लहानपणापासून आयकून राहिलो. मले नको सांगू." मग हळू आवाजात म्हणाला, "लोकाइलेही समजते."

समजलंच. टाळ्या वाजवणाऱ्यांनी घरी जाऊन व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. दोन दिवसांत गल्लीत नवीनच गोष्ट तयार झाली. आपानं माझ्यावर काहीतरी केलं, चहातून काहीतरी दिलं, अशा एकट्यादुकट्या हिंदू बायांना धरून ती धर्म बाटवते. माझी आपा! जिला स्वतःचा नवरा धरून ठेवता आला नाही!

तिसऱ्या दिवशी मंडळाचे तिघे कागद घेऊन आले. पोलिसात द्यायचा अर्ज, टाइप केलेला. सदर महिलेने मला बळजबरीने व फूस लावून असं म्हणायला लावलं, खाली माझी सही. मुलगाही सुट्टी काढून आला होता. तो म्हणाला, "आई, सही करून टाक. विषय संपव. तुलेच जपून राहिले ते." मी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग फाडला, चार तुकडे केले आणि मागाची फणी हातात घेऊन उभी राहिले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तिघेही चपला पायात घालायचे विसरून पळाले. मुलगा मान फिरवून बसला.

मला वाटलं, फेडलं! मांडवात हात वर केले, दार लावलं, माइकवर खोटं बोलले, सगळं या एका फाडण्यानं फिटलं. मी धावतच आपाकडे गेले, तिच्या पुढच्या दारानं.

ओसरीवर गाठोडी बांधलेली होती. तिचा कामठीचा भाचा टेम्पो आणायला गेला होता. ती खाली बसून कोशाच्या टोपलीवर फडकं बांधत होती.

"फाडला मी कागद, आपा! तोंडावर फाडला त्याइच्या."

तिनं गाठ मारली. "कागद फाडून काय होते, वहिनी? त्याइच्यापाशी झेरॉक्स असते."

"कोठं चालली तू? मी हावो न!"

"तू हायेस व. तू तं हायेसच." तिनं वर पाहिलं. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "त्या दिवशी मी इथंच बसून होती. भोंग्यातून आयकलं मी. पयले इतकी हसली, इतकी हसली का डोळ्यातून पाणी आलं. म्हणलं, पाय आमची वहिनी! देवीच्या देवळात!" तिनं फडक्याची गाठ पुन्हा ओढली. "मंग दुसरंही आयकलं."

मी तिथेच खाली बसले. तिचे पाय धरले, जे तेव्हाच धरायला पाहिजे होते. म्हटलं, मार मला, थोबाडीत मार, पण जाऊ नको. तिनं माझे हात सोडवले, हळूच, एकेक बोट, अडकलेला धागा सोडवतात तसे. म्हणाली, "तुह्या जागी मी असती तं मीही तेच म्हणली असती. म्हणूनच जाऊन राहिली." टेम्पो आला. गल्लीतली सगळी दारं उघडी होती आणि दारांत कोणी नव्हतं.

मुहूर्त तोंडावर होता म्हणून मंडळानं ते लुगडं माझ्याकडूनच पुरं करून घेतलं. आता ते देवीच्या अंगावर आहे. सणाला बाया ओटी भरतात, काठाला हात लावून कपाळाला लावतात. माझ्या मनात रोज येतं, देवळात जावं, माइक घ्यावा आणि ओरडून सांगावं की बायांनो, हा धागा आपाच्या मांडीवर वळलाय, तिच्या थुंकीनं. रोज येतं, आणि रोज मी घरी बसते. सांगितलं तर ते लुगडं जाळतील. तिच्या हाताचं गावात तेवढंच उरलंय.

शेठनं वर्षभराचं काम दिलं. त्यानं पलीकडे बसायला कोणाकोणाला पाठवून पाहिलं, मी एकेकीला भांडून हाकललं. एकटीनं करून पाहते. मधला धोटा टाकते, उठते, पलीकडे जाते, काठाचा टाकते, परत येते. दिवसाला चार बोटं होत नाहीत, आणि जे होतं त्यात फट राहते. सकाळी बसले की पहिला धोटा टाकायच्या आधी काहीतरी म्हणायचं असतं. तिचं म्हणायला मला तोंड नाही आणि माझं म्हणायला जीभ वळत नाही. मी तशीच बसून राहते, कधी तासभर, कधी जेवणवेळेपर्यंत. मुलगा म्हणतो माग विकून टाक. मी त्याच्याशी बोलत नाही.

परवा तिला फोन लावला. सहा महिन्यांनी हिंमत झाली. तिनं पहिल्याच रिंगला उचलला. खोकला झालाय म्हणाली, कामठीत ऊन फार म्हणाली. भाच्याच्या घरी मांडी उघडी टाकून बसता येत नाही म्हणून धागा सोडला, म्हणाली. मी हां हां करत राहिले. माफी मागायला फोन लावला होता, ती काही तोंडातून निघेना.

मग तिनं विचारलं, "माग सुरू हाये?"

"हाव."

"करवतच न?"

"हाव."

"पलीकडे कोण बसते?"

मी रिकाम्या जागेकडे पाहिलं. तिची बसायची गोणपाटाची घडी तिथेच होती, मी ती उचललेली नाही.

"नणंद बसते माही," मी म्हटलं.

तिकडून खोकला ऐकू आला. मग ती म्हणाली, "धागा नीट अडकव म्हणा तिले."